विश्लेषण : विल्यम कॅरी बंगालमध्ये रुळले, मग त्यांच्या पत्नी डोरोथी का रुळू शकल्या नाहीत?

मराठी भाषेचं व्याकरण इंग्रजीतून समजावणारं पुस्तक १८०५ साली छापून आलं. छापखाना होता कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरचा आणि लेखक होते विल्यम कॅरी. त्यांचं शाळेतलं शिक्षण बेताचं, मूळ धंदा जोडे शिवण्याचा. महाराष्ट्रात त्यांनी कधी वास्तव्य केलं नव्हतं. तरीही पाच वर्षांनी त्यांचा मराठी-इंग्रजी कोशही छापून आला.

ही पुस्तकं तयार होत होती तेव्हा त्याच घरातल्या एका खोलीत कॅरींच्या पत्नी डोरोथी यांना कोंडून ठेवावं लागत होतं. त्यांचं मानसिक संतुलन ढळलं होतं. भारतात आल्यावर दीड-दोन वर्षांतच हा आजार सुरू झाला आणि मृत्यूपर्यंत त्यातून त्यांची सुटका झाली नाही.

दोघं एकाच जहाजातून आले होते. एकाने परक्या देशाला आपलं घर केलं, दुसऱ्याला ते जमलं नाही. असं का झालं? आणि पुढे वयाच्या ४६व्या वर्षी कॅरींनी केलेला दुसरा संसार याच ठिकाणी सुखाचा कसा झाला? समजून घेऊ.

विल्यम कॅरी कोण होते?

कॅरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते, पुढे गावच्या शाळेत शिकवू लागले. विल्यम किशोरवयातच जोडे शिवायला शिकले. काम करता करता त्यांनी स्वतःच्या हिमतीवर लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा आत्मसात केल्या.

१० जून १७८१ रोजी पिडिंग्टनच्या चर्चमध्ये त्यांचं डोरोथी प्लॅकेट यांच्याशी लग्न झालं. वर एकोणीस वर्षांचा, वधू त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. विवाहनोंदीत डोरोथींनी सहीच्या जागी फुली मारली आहे. त्यांना तेव्हा लिहिता येत नव्हतं.

कॅरी पुढे बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. पगार इतका तुटपुंजा की सोबत शाळा चालवणं आणि जोडे शिवणंही सुटलं नाही. दोन मुली लहानपणीच दगावल्या. गरिबी होती, दुःखही होतं. पण ओळखीच्या गावांत, माहेरच्या माणसांच्या आसपास डोरोथींचा संसार चालला होता.

१७९२ साली कॅरींनी एक पुस्तिका लिहिली. जगाच्या इतर भागांत जाऊन धर्मप्रसार करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्यच आहे, असं त्यांनी त्यात आकडेवारीसह मांडलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावात मूठभर धर्मोपदेशकांनी एकत्र येऊन मिशनरी सोसायटी काढली. त्या दिवशी वर्गणीची आश्वासनं मिळाली ती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची. एवढ्या भांडवलावर भारतात माणूस पाठवायचं ठरलं आणि कॅरींनी स्वतःचं नाव पुढे केलं.

डोरोथी यायला तयार का नव्हत्या?

या निर्णयात डोरोथींचा सहभाग नव्हता. त्या गरोदर होत्या. घरात तीन लहान मुलगे होते. खेड्याबाहेरचं जग त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं. बंगाल म्हणजे पाच महिन्यांचा समुद्रप्रवास, अनोळखी हवा, आणि परत येण्याची खात्री नाही. त्यांनी नकार दिला.

हा नकार पुढे दीडशे-दोनशे वर्षं अनेक चरित्रांतून त्यांचा दोष म्हणून सांगितला गेला. नवऱ्याची झेप न कळलेली अडाणी बायको, असं त्यांचं चित्र रंगवलं गेलं. त्यांच्या परिस्थितीचा विचार केला तर त्यांचा नकार अगदी व्यवहारी वाटतो.

कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाले. सोबत होते जॉन थॉमस. हे शल्यवैद्य आधी बंगालमध्ये राहून आलेले, बंगाली जाणणारे, पण डोक्यावर कर्ज असलेले गृहस्थ. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जहाज खोळंबलं असताना कप्तानाला कळलं की या प्रवाशांकडे ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नाही. त्यांना उतरवण्यात आलं.

कॅरी घरी परतले तोवर डोरोथी बाळंत झाल्या होत्या. थॉमस यांनी पुन्हा गळ घातली. कुटुंब कायमचं विखुरलं तर जन्मभर पश्चात्ताप होईल, अशी भीती दाखवली. अखेर डोरोथी एका अटीवर तयार झाल्या. धाकटी बहीण किटी सोबत आली पाहिजे. किटींनी होकार दिला आणि घाईघाईत बांधाबांध करून सगळे निघाले.

ही अट महत्त्वाची आहे. परक्या देशात आपल्याला आपलं माणूस लागेल, हे डोरोथींनी आधीच ओळखलं होतं.

परदेशी जहाजातून का जावं लागलं?

तेव्हा भारतातल्या ब्रिटिश प्रदेशात जायला आणि राहायला कंपनीचा परवाना लागत असे. मिशनऱ्यांमुळे लोक बिथरतील आणि व्यापाराला बाधा येईल, अशी कंपनीला धास्ती होती. त्यामुळे त्यांना परवाने सहसा मिळत नसत. हे धोरण सैल झालं ते १८१३च्या सनदी कायद्यानंतर.

म्हणून कॅरी मंडळींनी डॅनिश जहाज गाठलं. १३ जून १७९३ रोजी त्यांनी डोव्हर सोडलं आणि ११ नोव्हेंबरला ते कलकत्त्यात उतरले. कडेवर काही महिन्यांचा जाबेझ होता. परवाना नव्हताच. म्हणजे आजच्या भाषेत हे कुटुंब विनापरवाना आलेलं स्थलांतरित होतं.

सुरुवातीचे महिने कसे गेले?

परदेशात गेलेल्या कोणत्याही कुटुंबाला पहिल्या वर्षी तीन गोष्टी लागतात. राहायला स्थिर जागा, हातात पैसा आणि बोलायला माणूस. कॅरी कुटुंबाची पहिल्या दोन गोष्टींसाठी लगेचच परवड सुरू झाली.

सोबत आणलेला माल विकून खर्च भागवायचा होता. व्यवहार थॉमस यांच्या हाती होता आणि पैसा बघता बघता संपला. कुटुंब कलकत्त्याहून बंडेलला गेलं, तिथून पुन्हा कलकत्त्याला आलं. मग माणिकतळ्याला एका सावकाराच्या पडीक बागेतल्या घरात राहिलं. डोरोथी आणि फेलिक्सला रक्ती आव जडली होती. थॉमस शहरात बऱ्यापैकी राहत असताना आपण या अवस्थेत का, असा प्रश्न दोघी बहिणी विचारत होत्या.

१७९४च्या सुरुवातीला कॅरी सर्वांना नावेने सुंदरबनाच्या बाजूला देभाट्याला घेऊन गेले. तिथे जंगल तोडून शेती करायची होती. वाघांचा मुलूख, घर नाही, पैसे नाहीत. कंपनीच्या मीठ खात्यातले चार्ल्स शॉर्ट नावाचे इंग्रज अधिकारी तिथे राहत होते. त्यांनी या अनोळखी कुटुंबाला घरात आसरा दिला. तिथेच शॉर्ट आणि किटी यांचं जमलं आणि पुढे त्यांचं लग्न झालं.

काही महिन्यांतच उत्तर बंगालमध्ये माल्दाच्या बाजूला निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी कॅरींना मिळाली. महिना २०० रुपये पगार. कुटुंब पुन्हा नावेत बसलं. किटी मात्र देभाट्यातच राहिल्या. ज्या बहिणीच्या भरवशावर डोरोथी निघाल्या होत्या, तीही आता सोबत नव्हती. आठ महिन्यांच्या आत या कुटुंबाने पाच ठिकाणी बिऱ्हाड मांडलं होतं.

मुदनाबाटीत काय घडलं?

निळीचा कारखाना मुदनाबाटीला होता. हे गाव आज पश्चिम बंगालच्या माल्दा जिल्ह्यात येतं. कॅरींसाठी ही नोकरी वरदान ठरली. पगार सुरू झाला. निळीच्या हंगामाबाहेर मोकळा वेळ मिळू लागला. रामराम बसू या मुनशींच्या मदतीने त्यांचं बंगाली झपाट्याने सुधारलं. संस्कृतचा अभ्यास सुरू झाला, बायबलचं भाषांतर पुढे सरकलं. कारखान्यातल्या मजुरांशी रोजचं बोलणं होई.

डोरोथींच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. भाषा येत नव्हती. आसपास बोलायला युरोपीय बायका जवळपास नव्हत्या. आजारपण पाठ सोडत नव्हतं. तशात १७९४च्या ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा पीटर तापाने आणि हगवणीने गेला.

पीटरच्या मृत्यूनंतर जे झालं ते अधिक जिव्हारी लागणारं होतं. परधर्मीय मुलाची कबर खणायला आणि मृतदेह वाहून न्यायला माणसं मिळेनात. जात जाण्याची भीती लोकांना होती. मोठ्या मिनतवारीने ही व्यवस्था झाली. गावात आपलं कोणी नाही, हे डोरोथींना याहून कठोरपणे दुसऱ्या कशाने कळलं असतं?

१७९५ पासून त्यांच्या आजाराची लक्षणं स्पष्ट दिसू लागली. नवरा आपल्याशी प्रतारणा करतो, या संशयाने त्यांना पछाडलं. त्या कॅरींचा पाठलाग करत, चारचौघांत आरोप करत, कधी अंगावर धावून जात. एरवीच्या बोलण्यात त्या सुसंगत वाटत, त्यामुळे बाहेरच्या माणसाला काय खरं हे कळत नसे. आज डॉक्टर याला भ्रमाचा आजार म्हणतील. तेव्हा त्यावर औषध नव्हतं आणि आजाराला नेमकं नावही नव्हतं. याच काळात, १७९६ मध्ये, धाकटा जोनाथन जन्मला.

वेड्यांच्या रुग्णालयात ठेवण्याचा सल्ला कॅरींना मिळाला होता. त्या काळातल्या अशा संस्थांची अवस्था पाहता त्यांनी तो मानला नाही. डोरोथींना घरीच ठेवलं.

श्रीरामपूरने काय बदललं?

१७९९च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून मिशनऱ्यांची नवी तुकडी आली. त्यात शिक्षक जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना आणि मुद्रक विल्यम वॉर्ड होते. ब्रिटिश हद्दीत परवान्याची अडचण होती, म्हणून ते हुगळीकाठच्या श्रीरामपुरात उतरले. हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि तिथले गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना संरक्षण दिलं. १० जानेवारी १८०० रोजी कॅरीही कुटुंबासह तिथे राहायला आले.

मुदनाबाटीत जे नव्हतं ते इथे जाणीवपूर्वक उभं केलं गेलं. सगळी कुटुंबं एका आवारात राहू लागली. जेवण एका पंगतीला. ज्याची जी कमाई असेल ती सामाईक निधीत जमा. घर चालवण्याची जबाबदारी पाळीपाळीने. दर शनिवारी रात्री बैठक घेऊन आठवड्यातले रुसवेफुगवे मिटवायचे, असाही नियम होता.

यात हॅना मार्शमन यांचं स्थान मोठं आहे. तिशी ओलांडलेल्या हॅनांनी त्याच वर्षी मे महिन्यात निवासी शाळा सुरू केली. त्या शाळेचं उत्पन्न मिशनच्या खर्चाला मोठा आधार ठरलं. घरातली शिस्त आणि आजाऱ्यांची देखभाल यांतही त्यांनी लक्ष घातलं. कॅरींची मुलं तोवर मोकाट वाढली होती. आई आजारी, वडील कामात बुडालेले. हॅना आणि वॉर्ड यांनी त्या मुलांना वळण लावलं. हॅना भारतातच राहिल्या आणि १८४७ साली श्रीरामपुरात वारल्या.

हॅना आणि डोरोथी दोघीही इंग्लंडमधून नवऱ्यामागे आलेल्या. मग फरक कशाने पडला? दोघींचे स्वभाव वेगळे असतील, प्रकृतीही वेगळी असेल. पण हॅनांना पहिल्या दिवसापासून स्वतःचं काम, स्वतःची मिळकत आणि सोबतच्या बायकांचा सहवास होता. डोरोथी श्रीरामपुरात पोहोचल्या तेव्हा फार उशीर झाला होता.

मराठीशी संबंध कसा आला?

कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. १८०१ साली कॅरींची तिथे बंगालीचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. पगार महिना ५०० रुपये. लवकरच संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आली. मराठी मुलखाशी कंपनीचे संबंध आणि संघर्ष दोन्ही वाढत होते, त्यामुळे मराठी जाणणारे अधिकारी तिला हवे होते. ज्या सरकारने एकेकाळी परवाना नाकारला, त्याच सरकारचा पगार आता मिशनच्या सामाईक निधीत जमा होऊ लागला.

मराठीसाठी कॅरींच्या मदतीला वैजनाथ पंडित होते. कॅरींच्या नावावर असलेल्या मराठी कामात या पंडितांचा वाटा मोठा आहे. अक्षरांचे खिळे पाडणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांचं कसबही त्यात आहे. श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडलेली मराठीतली मुख्य कामं अशी :

• १८०५ : मराठी भाषेचं व्याकरण, सोबत सरावासाठी संवाद
• १८१० : मराठी-इंग्रजी कोश, मराठी शब्द मोडी लिपीत
• १८११ : बायबलच्या नव्या कराराचं मराठी भाषांतर
• १८१४ : ‘सिंहासन बत्तिशी’
• १८१५ : ‘हितोपदेश’
• १८१६ : ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’, रामराम बसूंच्या बंगाली पुस्तकाचं भाषांतर

मराठीचं हे काही पहिलंच छापील व्याकरण नव्हतं. पोर्तुगीज भाषेतून लिहिलेलं एक व्याकरण १७७८ साली रोममध्ये छापलं गेलं होतं. कॅरींच्या कोशाचा आवाकाही मर्यादित होता. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा कोश मुंबईत आल्यावर तो मागे पडला. श्रीरामपूरच्या भाषांतरातली मराठी मुंबईकडच्या मिशनऱ्यांना पसंत पडली नाही आणि त्यांनी नवं भाषांतर हाती घेतलं. तरीही, मराठी गद्य छापून पुस्तकरूपाने लोकांसमोर आणण्याच्या सुरुवातीच्या कामात श्रीरामपूरचं नाव घ्यावंच लागतं.

महाराष्ट्राशी आणखी एक दुवा आहे. १८१२ साली अमेरिकेतून आलेले तरुण मिशनरी कलकत्त्यात उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना देश सोडायला फर्मावलं. त्यांच्यातले गॉर्डन हॉल आणि पत्नीसह आलेले सॅम्युअल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात तिथून झाली. यांच्या आधी काही आठवडे आलेले ॲडोनिरम आणि ॲन जडसन हे दांपत्य श्रीरामपुरात कॅरींच्या मिशनचे पाहुणे होते. ते पुढे ब्रह्मदेशात गेले.

या काळात डोरोथींचं काय झालं?

श्रीरामपुरात डोरोथींची अवस्था आणखी बिघडली. त्यांना बहुतेक काळ खोलीत बंद ठेवावं लागे. शेजारच्या खोलीत कॅरी पंडितांसोबत भाषांतरं तपासत बसलेले असत आणि भिंतीपलीकडून डोरोथींच्या आरडाओरड्याचा आवाज येत राही. १८००च्या डिसेंबरअखेरीस कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा हुगळीच्या पात्रात झाला. मिशनला मिळालेला हा पहिला बंगाली अनुयायी. हा सोहळा चालू असतानाही डोरोथी घरात कोंडलेल्याच होत्या.

८ डिसेंबर १८०७ रोजी तापाने त्यांचं निधन झालं. वय सुमारे ५१ वर्षं. त्यातली १४ वर्षं भारतात गेली आणि त्यांतली जवळपास १२ आजारात.

कॅरींनी डायरीत आणि पत्रांत या दुःखाबद्दल लिहिलं आहे. डोरोथींची बाजू सांगणारं त्यांचं स्वतःचं लिखाण मात्र जवळजवळ नाहीच. आपल्याला त्या दिसतात त्या इतरांच्या नोंदींतून, आणि बहुतेक नोंदी आजारपणाच्याच आहेत. त्यांचं स्वतंत्र चरित्र प्रसिद्ध व्हायला १९९२ साल उजाडावं लागलं.

उतारवयातला संसार सुखाचा कसा झाला?

डोरोथींच्या मृत्यूनंतर जेमतेम पाच महिन्यांनी, ८ मे १८०८ रोजी, कॅरींनी शार्लट रुमोर यांच्याशी लग्न केलं. ही घाई सहकाऱ्यांना रुचली नव्हती. सुरुवातीला त्यांनी हरकतही घेतली, मग ती मागे घेतली.

शार्लट डॅनिश राजवटीतल्या श्लेस्विग भागातल्या उमराव घराण्यातल्या. कॅरींच्याच वयाच्या, म्हणजे ४६ वर्षांच्या आसपास. तरुणपणी झालेल्या अपघातामुळे प्रकृती कायमची नाजूक, जिना चढणंही कठीण. उबदार हवा मानवेल म्हणून त्या श्रीरामपुरात येऊन राहिल्या होत्या. मिशनच्या शेजारीच त्यांचं घर होतं. कॅरींनी त्यांना इंग्रजी शिकवलं. १८०३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता.

म्हणजे लग्नाच्या वेळी शार्लट या गावात स्थिरावलेल्या होत्या. इथे येण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. घर स्वतःचं होतं, पैसा होता, ओळखीची माणसं होती, आणि नवऱ्याचं काम त्यांना समजत होतं. अनेक युरोपीय भाषा येत असल्याने भाषांतरं पडताळण्यातही त्या मदत करत. स्वतःचं घर त्यांनी मिशनला देऊन टाकलं आणि त्याच्या उत्पन्नातून धर्मप्रचारकांचा खर्च भागू लागला. प्रकृतीमुळे त्यांना फार हिंडताफिरता येत नसे, तरी त्या मिशनच्या कामातून बाजूला पडल्या नाहीत.

या संसाराच्या काळातच कॅरींवर मोठं संकट आलं. ११ मार्च १८१२च्या रात्री छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि बहुभाषी कोशाच्या कामासह अनेक हस्तलिखितं जळाली. सुदैवाने छपाईची यंत्रं आणि खिळे पाडण्याचे ठसे वाचले. काही दिवसांतच काम पुन्हा सुरू झालं.

शार्लट ३० मे १८२१ रोजी गेल्या. तेरा वर्षांचा हा संसार. १८२३ साली कॅरींनी ग्रेस ह्यूज या विधवा बाईंशी तिसरं लग्न केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नदीकाठी घसरून पडल्याने कॅरींच्या कमरेला जबर दुखापत झाली आणि पाठोपाठ ताप आला. त्या दुखण्यातून त्यांना ग्रेस यांनी सांभाळलं.

कॅरी परत गेले का?

नाही. १७९३ ते १८३४ या ४१ वर्षांत कॅरी एकदाही इंग्लंडला गेले नाहीत. १८१८ साली सहकाऱ्यांसोबत त्यांनी श्रीरामपूर कॉलेज काढलं. १८२० साली शेती आणि बागायतीच्या सुधारणेसाठी संस्था स्थापन केली. त्यांनी जोपासलेली बाग नावाजलेली होती. १८२९च्या डिसेंबरमध्ये सतीबंदीचा कायदा झाला, तेव्हा त्याचं बंगाली भाषांतर त्यांनी रविवारचं प्रवचन बाजूला ठेवून पूर्ण केलं. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच त्यांचं निधन झालं. आपलं दफन शार्लट यांच्या शेजारी व्हावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.

मुलांपैकी फेलिक्स ब्रह्मदेशात गेले. तिथे इरावती नदीत नाव उलटून त्यांची पत्नी आणि मुलं बुडाली. ते बंगालला परतले आणि १८२२ साली वडिलांच्या आधीच गेले. विल्यम यांनी बंगालमध्ये मिशनचं काम केलं. जाबेझ पूर्वेच्या अंबोन बेटावर आणि नंतर राजपुतान्यात गेले. जोनाथन कलकत्त्यात वकील झाले. डोरोथींच्या मुलांनी पूर्वेकडचं जगच आपलं मानलं.

आज या गोष्टीकडे कसं पाहायचं?

कॅरींना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्यांनी पत्नीला टाकलं नाही, रुग्णालयात ढकललं नाही, तिच्यासोबत १२ वर्षं काढली, हेही खरं. डोरोथींचा आजार केवळ स्थलांतरामुळे झाला, असं आज कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. इंग्लंडमध्ये राहूनही तो झाला असता का, याला उत्तर नाही.

मात्र घटनांचा क्रम डोळ्यांसमोर ठेवला की एक गोष्ट दिसते. मनाविरुद्ध निघालेली बाई, आठ महिन्यांत पाच बिऱ्हाडं, सततचं आजारपण, दुरावलेली बहीण, गेलेला मुलगा आणि न कळणारी भाषा. यातला एकही भार तिच्यावरून वेळेत उतरवला गेला नाही. कॅरींना परदेशात रोजचं काम होतं, भाषा होती, आपण इथे का आलो याचं उत्तर होतं. डोरोथींकडे यापैकी काहीच नव्हतं.

हे भार कमी करता येतात, हे श्रीरामपूरच्या त्याच आवारात पुढे दिसलं. हॅना मार्शमन यांच्या शाळेने ते दाखवलं, सामाईक पंगतीने आणि शनिवारच्या बैठकीने दाखवलं. चाळिशी ओलांडलेल्या, धड चालूही न शकणाऱ्या शार्लट त्याच गावात समाधानाने राहिल्या, यातूनही तेच दिसतं.

आज मराठी घरांतले हजारो लोक नोकरीसाठी किंवा मुलांकडे राहायला परदेशात जातात. व्हिसा, पगार, घरभाडं यांची चौकशी आधी होते. सोबत जाणाऱ्या माणसाचा दिवस तिथे कसा जाणार, कुणाशी बोलणं होणार, जायला त्याचा मनापासून होकार आहे का, हे प्रश्न बऱ्याचदा शेवटी येतात किंवा येतच नाहीत.

मराठी पुस्तकांच्या इतिहासात १८०५च्या व्याकरणाची नोंद विल्यम कॅरी यांच्या नावावर आहे आणि ती योग्यच आहे. वैजनाथ पंडितांची आणि पंचानन कर्मकारांची आठवणही आता अभ्यासक काढतात. त्या पुस्तकाची किंमत ज्यांनी मोजली, त्या डोरोथी कॅरी यांचं नावही त्या नोंदीशेजारी लक्षात ठेवायला हवं.